रोमन चिल्लर आणि तिच्या गावठी नकला: पहिला गठ्ठा हातात आला की काय करायचे

इंग्लंडला राहायला आल्यावर तिसऱ्या वर्षी मी पहिल्यांदा रोमन नाण्यांची पुडी विकत घेतली. पन्नास नाणी, सगळी तांब्या-कांशाची, मातीने माखलेली. दोन शनिवार-रविवार घालवून ती सूचीतल्या चित्रांशी जुळवत बसलो. त्यातली एकतीस जुळेचनात. राजाचे नाक चोचीसारखे, मागची देवी काडेपेटीच्या काड्यांची, अक्षरांच्या जागी उभ्या रेघा. आपण फसलो, असे समजून विक्रेत्याला संतापाचे पत्रही लिहायला घेतले. नशिबाने ते पाठवण्याआधी एका संग्रहालयाच्या 'सापडलेल्या वस्तू दाखवा' दिवसाला गेलो. टेबलामागच्या बाईंनी एक नाणे भिंगाखाली धरले आणि म्हणाल्या, "हे खोटं नाही. हे इथलंच आहे."

तिथून पुढे जे शिकलो ते इथे क्रमाने मांडतो. रोमन साम्राज्यात, विशेषतः ब्रिटन, गॉल (साधारण आजचा फ्रान्स) आणि ऱ्हाइन नदीच्या काठी, सुट्या पैशांची टंचाई वारंवार पडत असे. ती पडली की स्थानिक लोक सरकारी नाण्यासारखी दिसणारी चिल्लर स्वतःच पाडत. तिला मी गावठी नक्कल म्हणतो. ब्रिटनमधल्या नोंदींत 'समकालीन प्रत' असा शब्द असतो. तो जास्त न्याय्य आहे, पण जिभेवर गावठीच बसला आहे.

आधी हे जमवा

- 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा वजनकाटा. स्वयंपाकघरातला चालणार नाही. अर्ध्या ग्रॅमचे नाणे त्याला कळतच नाही.
- व्हर्नियर कॅलिपर. प्लास्टिकचे घ्या, नाण्याला ओरखडा पडत नाही.
- दहापट मोठे दाखवणारे भिंग.
- बाजूने उजेड पाडता येईल असा टेबलदिवा. वरून पडणाऱ्या उजेडात झिजलेली अक्षरे दिसत नाहीत, तिरप्या उजेडात दिसतात.
- डिस्टिल्ड पाणी, मऊ ब्रश, बांबूची काडी किंवा झाडाचा टोकदार काटा.
- प्रत्येक नाण्यासाठी वेगळे कागदी पाकीट आणि एक वही.
- खरेदीची पावती आणि नाणे कुठून आले याचा जो कागद असेल तो.

मराठीत हा छंद करताना 'काटा' शब्दाने भंडावून सोडले. वजनाचा काटा, झाडाचा काटा आणि छापा-काट्यातला काटा, तिन्ही एकाच टेबलावर. पुढे 'छापा' म्हणजे चेहऱ्याची बाजू आणि 'काटा' म्हणजे मागची, एवढे धरून चला.

पायरी 1: नाण्याआधी कायदा

विकत घेतले असेल तर पावती जपा. शेतात, बागेत किंवा मेटल डिटेक्टरने सापडले असेल तर गोष्ट वेगळी. आधी जमीनमालकाची परवानगी लागते आणि संरक्षित स्मारकाच्या जागेवर डिटेक्टर चालवणे हाच गुन्हा आहे. इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये 1996 चा ट्रेझर कायदा लागू होतो. 'ट्रेझर' म्हणजे सोने-चांदी असेच सगळे समजतात, आणि नवखा माणूस इथेच अडकतो. एकाच जागी सापडलेली, 300 वर्षांहून जुनी दहा किंवा अधिक नाणी असतील तर ती निव्वळ तांब्याची असली तरी या कायद्यात बसतात. म्हणजे दहा कळकट गावठी नकलासुद्धा. चौदा दिवसांत कळवावे लागते. स्कॉटलंडचे नियम वेगळे आणि अधिक कडक आहेत.

इंग्लंड आणि वेल्समध्ये पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची सरकारी योजना आहे. तिचे अधिकारी प्रत्येक भागात असतात, वस्तू फुकट पाहतात आणि नोंदवतात. ट्रेझरमध्ये न बसणारे एकटे नाणेही त्यांना दाखवा. आणि जमिनीत नाण्यांचे मडके लागले तर हात थांबवा. 2010 मध्ये सॉमरसेटमधल्या फ्रोमजवळ 52,503 रोमन नाण्यांचे मडके सापडले. शोधणाऱ्याने मडके उपसले नाही, तज्ज्ञांना बोलावले. म्हणून कोणती नाणी कोणत्या थरात होती हे आज सांगता येते.

नाणी देशाबाहेर न्यायची असतील, अगदी भारतात भाच्याला भेट म्हणूनही, तर निर्यात परवाना लागतो का ते आधी विचारा. किंमत दोन-चार पौंड आहे म्हणून लागणार नाही असे गृहीत धरू नका.

पायरी 2: साफसफाई, म्हणजे जवळजवळ काहीच नाही

इथे माझी स्वतःची चूक सांगतो. आई तांब्याची भांडी चिंचेने घासते, देव लख्ख होतात. मी चार नाणी चिंचेच्या पाण्यात टाकली आणि चहा करायला गेलो. परत आलो तेव्हा नाणी गुलाबी झाली होती आणि दोघांवरची अक्षरे गायब. नाण्याच्या बारीक रेषा बहुतेक वेळा धातूत नसतात, धातूवर शतकानुशतके चढलेल्या हिरव्या-तपकिरी थरात असतात. तो थर गेला की नाणे गेले. चिंच, लिंबू-मीठ, व्हिनेगर, तारेची घासणी, विजेच्या प्रवाहाने साफ करणे, काही काही नको.

डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवा, काही दिवसांनी पाणी बदला, सुटलेली माती मऊ ब्रशने काढा. अक्षरांच्या कडेला अडकलेली माती भिंगाखाली काडीने. एका बसणीला एक नाणे. कंटाळा आला की थांबा, कारण ओरखडे कंटाळ्यातच पडतात.

फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी बुरशी दिसली तर ते नाणे लगेच वेगळे ठेवा. ही धातूतल्या क्लोराइडमुळे होणारी झीज आहे, ओल मिळाली की वाढते. ते कोरड्या डबीत ठेवा आणि जाणत्याला दाखवा.

पायरी 3: वजन, व्यास आणि 'किती वाजले'

चित्र ओळखायच्या आधी आकडे लिहा. हा क्रम उलटा केलात तर मन आधीच एखाद्या सम्राटावर बसते आणि मग वजनही सोयीचे वाटू लागते.

वजन, मग सर्वांत मोठा व्यास. मग ठशांचा कोन (ठसा म्हणजे चित्र कोरलेला धातूचा साचा; दोन ठशांमध्ये चकती ठेवून ठोकली की नाणे पडते): छाप्यावरचा चेहरा सरळ उभा येईल असे नाणे दोन बोटांत वर-खाली धरा आणि पान उलटावे तसे फिरवा. काट्यावरच्या चित्राचे डोके घड्याळात कुठे येते ते लिहा. सरकारी टांकसाळीत हा कोन बहुधा 12 किंवा 6 च्या आसपास येतो. गावठी कारागीर ठसे कसेही धरत. 2, 5, 9 काहीही निघते. एकट्या नाण्यावर याचा पुरावा तोकडा, पण वीस नाण्यांचे कोन एका ओळीत लिहिले की चित्र स्पष्ट होते.

पायरी 4: कोणत्या टंचाईचे अपत्य आहे ते शोधा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. 'खरे की खोटे' हा प्रश्न बाजूला ठेवा. कोणत्या सरकारी नाण्याची नक्कल आहे, आणि ते सरकारी नाणे लोकांना का मिळेनासे झाले होते, एवढे विचारा. त्याचे उत्तर मिळाले की काळ आपोआप हाती येतो.

मुळात टंचाई का पडे? रोमन सरकार नाणी पाडे ते मुख्यतः सैन्याचे पगार आणि स्वतःचा खर्च भागवायला. बाजारात लोकांना सुटे मिळावेत ही त्याची काळजी फारशी नव्हती. पहिल्या शतकातल्या सम्राट क्लॉडियसच्या काळात साध्या शिपायाला वर्षाला 225 डेनारियस मिळत, तीन हप्त्यांत, म्हणजे हप्त्याला 75. एका चांदीच्या डेनारियसचे 16 तांब्याचे अ‍ॅस. हप्ता 1,200 अ‍ॅसचा झाला, पण हातात पडते चांदी. आणि खर्च कसा? इटलीतल्या पॉम्पेई शहरातल्या एका दारूच्या दुकानाच्या भिंतीवर लिहिले आहे की इथे एका अ‍ॅसमध्ये प्यायला मिळते, दोन दिलेत तर बरी मिळेल, चार दिलेत तर फालेर्नियन, म्हणजे त्या काळची उंची दारू. एका अ‍ॅसच्या पेल्यासाठी डेनारियस पुढे केला तर दुकानदाराने पंधरा अ‍ॅसची मोड आणायची कुठून? पॉम्पेईकरांनी त्याच्या आधीच, इसवी सनापूर्वी, इबिझा बेटावरच्या बेस देवाच्या छोट्या तांब्याच्या नाण्यांची नक्कल करून आपली गरज भागवली होती. परक्या बेटाच्या नाण्याची नक्कल आपल्या गावात, केवळ ते आकाराला सोयीचे होते म्हणून! मला या सगळ्या इतिहासात हीच गोष्ट सर्वांत आवडते.

ब्रिटन-गॉलकडची नाणी असतील तर चार ढीग करा.

*ढीग अ: क्लॉडियस.* मोठी, जाड नाणी, 25 मिलिमीटरच्या आसपास. छाप्यावर डावीकडे पाहणारा, मुकुट नसलेला माणूस. काट्यावर भाला उगारलेली, ढाल घेतलेली मिनर्व्हा देवी आणि दोन बाजूंना एस व सी ही दोन लॅटिन अक्षरे. इसवी सन 43 मध्ये चार लीजन (रोमन सैन्याच्या मोठ्या पलटणी) आणि साहाय्यक तुकड्या ब्रिटनमध्ये उतरल्या. तिथे टांकसाळ नव्हती, आणि रोममध्ये तांब्याचे नाणे पाडणे क्लॉडियसच्या सुरुवातीच्या वर्षांनंतर जवळजवळ थांबले. छावण्यांभोवती नकला सुरू झाल्या. कोल्चेस्टरला त्या भरपूर सापडतात. मूळ अ‍ॅस 10-11 ग्रॅमचा असतो, नक्कल बरीचशी हलकी, आणि नकलेची नक्कल त्याहून हलकी. चांगल्या हातच्या नकला इतक्या सुबक असतात की सैन्यातल्याच कारागिरांनी अधिकाऱ्यांच्या डोळ्यांदेखत त्या पाडल्या असाव्यात असे अनेक अभ्यासकांना वाटते, मलाही. सुमारे 64 मध्ये पुढचा सम्राट नीरो याने लुग्दुनमला, म्हणजे आजच्या ल्यों शहरात, तांब्याची टांकसाळ जोरात चालवली आणि या नकला संपल्या.

*ढीग ब: किरणांचा मुकुट.* बाजारातल्या पुड्यांत सर्वांत जास्त हेच. डोक्यावर सूर्यकिरणांसारखा टोकेरी मुकुट, लहान नाणे. इंग्रजीत यांना 'बार्बरस रेडिएट' म्हणतात. नाव अन्यायाचे आहे, कारण ती पाडणारे कोणी रानटी टोळीवाले नव्हते, रोमन प्रांतांतलेच लोक होते.

तिसऱ्या शतकात चांदीचे म्हणवणारे हे नाणे घसरत घसरत नुसते तांबे उरले होते. गॉल आणि ब्रिटन काही वर्षे रोमपासून फुटून वेगळे साम्राज्य चालवत होते. त्याचा शेवटचा सम्राट टेट्रिकस. 274 मध्ये रोमचा सम्राट ऑरेलियन याने त्याला शालोंच्या लढाईत हरवले आणि त्याच सुमारास नाण्यांची नवी, सुधारित मालिका काढली. पण ती नवी नाणी वायव्य प्रांतांत पुरेशी पोचलीच नाहीत. जुन्या नाण्यांचा पुरवठा बंद, नवी येत नाहीत, बाजार तर रोज भरतो. मग जो तो टेट्रिकस पाडू लागला. गंमत पाहा, टेट्रिकसला ऑरेलियनने मारले नाही. तो इटलीत सरकारी हुद्द्यावर काम करत होता आणि ब्रिटनमधल्या कुठल्याशा झोपडीत त्याचा चेहरा दिवसाला शेकड्यांनी ठोकला जात होता.

मूळ नाणे साधारण 17 ते 20 मिलिमीटर, अडीच-तीन ग्रॅमच्या आगेमागे. नक्कल 16 मिलिमीटरपासून खाली थेट 8 पर्यंत, वजन दोन ग्रॅमपासून अर्ध्या ग्रॅमपर्यंत. टोकेरी दाढी असेल तर बहुधा टेट्रिकस बाप, बिनदाढीचा पोरगा असेल तर त्याचा मुलगा. काट्यावर मोठी चौकोनी वेदी असेल तर ते 270 मध्ये वारलेल्या सम्राट दुसऱ्या क्लॉडियसच्या (ढीग अ मधला नव्हे) स्मरणार्थ काढलेल्या नाण्याची नक्कल. ही फार लोकप्रिय होती, बहुधा वेदी कोरायला देवीपेक्षा सोपी म्हणून. चकत्या करायची युक्तीही सोपी: कांशाची कांडी ओतायची, गाजरासारखे काप करायचे, ते ठोकून चपटे करायचे. म्हणून काही नाणी जाड, ओबडधोबड असतात.

*ढीग क: कॉन्स्टंटाइन घराणे.* 330 नंतरची छोटी नाणी. काट्यावर दोन सैनिक आणि मध्ये एक किंवा दोन ध्वज; किंवा लांडगी आणि जुळी बाळे; किंवा जहाजाच्या नाळेवर उभी विजयादेवी. सुमारे 341 मध्ये तांब्याची नाणेपाडणी खंडित झाली आणि पुढची काही वर्षे नकलांनी भरून काढली. इथे नक्कल पकडायची एक खूण जवळजवळ हमखास: जोड्या चुकलेल्या असतात. छाप्यावर कॉन्स्टँटिनोपल नगरीची शिरस्त्राण घातलेली मूर्ती आणि काट्यावर लांडगी, जी खरे तर रोम नगरीच्या मूर्तीमागे हवी. ठशांचा ढीग समोर पडलेला, हाताला आला तो घेतला!

*ढीग ड: पडणारा घोडेस्वार.* काट्यावर सैनिक भाला खुपसतोय आणि शत्रू घोड्यावरून कोसळतोय. 348 मधल्या नाण्यांच्या सुधारणेतले हे चित्र. 350 ते 353 मध्ये मॅग्नेंशियसने पश्चिमेत बंड केले, तो हरला, त्याची नाणी चलनातून गेली आणि पुन्हा तोच खेळ. साधारण 354 ते 364 मधल्या या नकला कधी 18 मिलिमीटरच्या तर कधी शर्टाच्या बटणाहून लहान असतात. अगदी छोट्यांवर घोडा उरत नाही, एखादा पाय आणि भाल्याची रेघ दिसते. काहींवर जुन्या नाण्यावरच नवा ठसा मारलेला असतो; तिरप्या उजेडात खालची अक्षरे डोकावतात.

चारपैकी कशातच न बसणारे नाणे पाचव्या पाकिटात टाका आणि महिनाभर विसरा. ओढूनताणून बसवू नका.

पायरी 5: नक्कल की नुसते झिजलेले?

लहान, हलके आणि अस्पष्ट म्हणजे नक्कल, असे नाही. सरकारी नाणे झिजते, तुटते, मातीत कुजते. फरक रेषेत पाहा. झिजलेल्या नाण्यात जे उरले आहे ते बरोबर असते: डोळा डोळ्याच्या जागी, अक्षरांतले अंतर सारखे. नकलेत जे स्पष्ट दिसते तेच चुकलेले असते. मुकुटाची किरणे फणीसारखी, कान मानेवर, देवीचा हात खांद्याऐवजी कमरेतून, अक्षरे उलटी. कोरणाऱ्याला बहुधा वाचता येत नव्हते. समोरच्या नाण्यावर दिसल्या त्या रेघा त्याने ओढल्या.

अक्षरांचा सापळा सर्वांत वाईट. टेट्रिकसचे नाव अपेक्षित असेल तर पाच उभ्या रेघांतही टेट्रिकस वाचता येतो. मी आठवडाभर वाचला. यावर माझा उपाय असा: जे दिसते ते रेघ न रेघ वहीत काढा, नाणे पाकिटात ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी फक्त वही वाचा.

दुसरे उलट टोक: पूर्वेकडच्या प्रांतांची, ग्रीक अक्षरांची किंवा अलेक्झांड्रियाची नाणी पाहून नवखे लोक 'विचित्र आहे, नक्कल असणार' म्हणतात. ती पूर्ण सरकारी असू शकतात. ग्रीक अक्षर दिसले की ढीग बदला.

पायरी 6: ठोकलेले की ओतलेले?

बहुतेक गावठी नकला ठशाने ठोकलेल्या असतात. काही मात्र खऱ्या नाण्याचा मातीत साचा घेऊन ओतलेल्या असतात. तिसऱ्या शतकात हे खूप चाले. फ्रान्समधल्या शातोब्लो गावी अशी कामे चालत असल्याचे अवशेष सापडले आहेत, आणि डॅन्यूबच्या सरहद्दीवर चांदीच्या नाण्यांच्या तांब्याच्या ओतीव प्रतीही चलनात होत्या. ओतीव नाण्याच्या कडा मऊ, साबणाच्या झिजलेल्या वडीसारख्या. पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढे खड्डे. कधी कडेभोवती जोडाची रेघ.

गोची अशी की आजची बनावट नाणीही बहुधा ओतीव असतात. म्हणून जोडाची रेघ दिसली की प्राचीन ठरत नाही आणि खोटीही ठरत नाही. एकाच विक्रेत्याकडे दोन नाणी, दोघांवर ओरखडा अगदी त्याच जागी, तर मात्र पळा.

पायरी 7: अर्धी नाणी आणि शिक्के

गठ्ठ्यात छिन्नीने बरोबर मधोमध कापलेले नाणे निघाले तर फेकू नका. ही टंचाईवरची सर्वांत जुनी आणि सोपी युक्ती: मोठ्याचे दोन करा. ऑगस्टसच्या काळात नेमाउसस, म्हणजे आजचे नीम, इथली साखळीने बांधलेल्या मगरीची नाणी अशी सर्रास कापलेली मिळतात. एका बाजूला मगरीचे तोंड, दुसऱ्याच्या नशिबी शेपूट. कापाची कड जुनी आहे ना, बाकी नाण्यासारखीच गंजलेली आहे ना, एवढे पाहा.

नाण्यावर नंतर मारलेला छोटा शिक्का असेल तर तो स्वतंत्र नोंदवा. ऱ्हाइनकडच्या काही नाण्यांवर 'व्हार' असा शिक्का आहे. तो इसवी सन 7 ते 9 मध्ये जर्मनीचा कारभार पाहणाऱ्या व्हारसचा, जो 9 मध्ये तीन लीजनसकट गारद झाला. तारीख एवढी नेमकी सांगणारी चिल्लर विरळाच.

पायरी 8: नोंद

ओसीआरई या खुल्या ऑनलाइन सूचीत सरकारी रोमन नाणी चित्रांसह मिळतात. मूळ नाणे शोधायला ती वापरा, पण तिथला क्रमांक नकलेला चिकटवू नका. नवख्यांची आणि कित्येक विक्रेत्यांचीही ही आवडती चूक आहे. सूची सरकारी नाण्यांची आहे. नकलेपुढे 'अमुकची प्रत' एवढेच लिहायचे. जोडीला पोर्टेबल अँटिक्विटीजचा डेटाबेस उघडा. तिथे हजारो नकलांचे फोटो आहेत, आणि आपल्या चोचवाल्या राजाला तिथे भाऊबंद सापडतात.

ब्रिटनमध्ये रोमन नाणी 21 'रीस काळां'त विभागायची पद्धत आहे. ढीग अ काळ 2 मध्ये जातो, ब 14 मध्ये, क 17 मध्ये, ड 18 मध्ये. ढीग ब मध्ये हमखास चूक होते: टेट्रिकस स्वतः काळ 13 मध्ये येतो, त्याची नक्कल 14 मध्ये, कारण ती त्याच्या पडावानंतरची.

माझ्या वहीतली एक नोंद नमुन्यासाठी:

क्र. 14. समकालीन प्रत, किरणमुकुट. मूळ: टेट्रिकस पहिला. छापा: किरणमुकुट, टोकेरी दाढी, उजवीकडे तोंड, मजकुरातली शेवटची दोन अक्षरे बरी, बाकी रेघा. काटा: डावीकडे पाहणारी उभी स्त्री, उजव्या हातात फांदीसारखे काही, मजकूर नाही. 13.2 मिमी, 1.14 ग्रॅम, 7 वाजता. काळ साधारण 275-285. रीस 14. नाकासमोर ठशाला तडा.

'फांदीसारखे काही' असेच लिहा. खात्री नसताना 'पॅक्स देवी' (शांतीची देवी) लिहिलेत की वर्षभराने स्वतःच्याच अंदाजाला पुरावा समजाल.

पायरी 9: पुढची खरेदी

'अत्यंत दुर्मीळ, अप्रकाशित' या शब्दांना भुलू नका. हाताने कोरलेल्या ठशांची जवळजवळ प्रत्येक गावठी नक्कल वेगळी असते, त्या अर्थाने सगळ्याच अप्रकाशित. दुर्मीळ ठशापेक्षा 'कुठे सापडले' हे लिहिलेले साधे नाणे घ्या. एकाच जागच्या दहा कळकट नकला, दहा देशांतून गोळा केलेल्या सुबक नाण्यांपेक्षा जास्त बोलतात.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी

आपल्याकडे रोमन नाण्यांच्या नकला झाल्या, पण कारण वेगळे. दख्खनमध्ये सुट्यांची सोय सातवाहनांनी स्वतः केली होती: शिसे, तांबे आणि पोटीन या मिश्रधातूची ढीगभर छोटी नाणी. रोमन सोन्याची नक्कल झाली ती बहुधा गळ्यात घालायला. अनेक नाण्यांना चेहऱ्याच्या वर ओवायची दोन भोके असतात. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला तर रोमन नाण्यांवरून घेतलेली मातीची पदके मिळाली आहेत. तांब्याच्या चिल्लरीची खरी नक्कल पाहायची तर श्रीलंका. तिथे चौथ्या शतकानंतरच्या रोमन तांब्याच्या स्थानिक प्रती मोठ्या संख्येने सापडतात.

कायद्याचे दोन शब्द. 1972 च्या कायद्यानुसार भारतात 100 वर्षांहून जुने नाणे पुरावशेष ठरते आणि खासगी व्यक्तीला ते देशाबाहेर नेता येत नाही. जमिनीत सापडलेले धन दहा रुपयांहून जास्त किमतीचे असेल तर 1878 चा निखात निधी कायदा जिल्हाधिकाऱ्यांना कळवायला सांगतो. दहा रुपयांची ती मर्यादा अजून तीच आहे.

पायरी 10: जुळे शोधा

सगळ्या नोंदी झाल्या की नाणी टेबलावर पसरा आणि छापे एकमेकांशी ताडून पाहा. एकाच ठशाची दोन निघाली तर ती एकाच कारागिराच्या हातची, बहुधा एकाच ठिकाणची. फोटो एकाच कोनातून, एकाच उजेडात घ्या म्हणजे संगणकावर शेजारी ठेवता येतात.

माझ्या पन्नासांत एक जोडी निघाली, क्र. 14 आणि क्र. 37. दाढी तीच, मुकुटाचे वाकडे दुसरे किरण तेच. दोघांवर ठशाला गेलेला तडा आहे. चौदावर तो नाकापासून निघून अर्ध्यात थांबतो. सदतीसवर थेट काठापर्यंत पोचला आहे, म्हणजे सदतीस नंतर पाडले.